आगाऊ कर भरावा की थांबावे?

शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, हे खेड्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ही गोष्ट खरी आहे. पण ती अर्धीच आहे, आणि अर्ध्या माहितीने घराचे नुकसान होते.

आजचे शेतकऱ्याचे घर नुसत्या शेतीवर चालत नाही. गोठ्यात दहा-बारा गाई असतात, दर दहा दिवसांनी दुधाचे बिल बँकेत जमा होते. ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र भाड्याने फिरते. एखाद्या भावाचे कृषी सेवा केंद्र असते, घरची सून शाळेत शिक्षिका असते, म्हाताऱ्याच्या नावावर बँकेत ठेव असते. रस्त्यात जमीन गेली असेल तर मोबदल्याची मोठी रक्कम व्याजाला लावलेली असते. यातल्या एकाही मिळकतीला शेतीची माफी नाही. ती सारी प्राप्तिकराच्या, म्हणजे इन्कम टॅक्सच्या हिशेबात येते.

मग जुलै महिन्यात विवरणपत्र भरायला गेल्यावर कर सल्लागार सांगतो, "कर एवढा, आणि त्यावर व्याज एवढे." घरातला माणूस चमकतो. आपण तर मुदतीत आलो, मग व्याज कसले? ते व्याज असते आगाऊ कर वेळेवर न भरल्याचे. आगाऊ कर कोणी भरावा, कोणी भरू नये आणि भरायचा की थांबायचे हे घरच्या घरी कसे ठरवावे, ते या लेखात पाहू.

आगाऊ कर कशासाठी?

नोकरदाराचा कर पगारातून दरमहा कापला जातो. दुकानदाराचा, दूधवाल्याचा, यंत्र भाड्याने देणाऱ्याचा कर असा कोण कापणार? म्हणून कायदा सांगतो, की वर्ष चालू असतानाच आपल्या उत्पन्नाचा अंदाज करा आणि कर हप्त्याहप्त्याने भरत जा. आपल्या देशात ही पद्धत महायुद्धाच्या काळात, १९४४ साली आली आणि १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातही राहिली. १ एप्रिल २०२६ पासून अंमलाची तारीख ठरलेल्या प्राप्तिकर कायदा २०२५ मध्येही ती कायम ठेवली आहे.

नियम सोपा आहे. वर्षभराचा अंदाजी कर काढायचा. त्यातून बँकेने, मालकाने वा दुसऱ्या कोणी आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, वजा करायचा. उरलेली रक्कम १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. त्याहून कमी असेल तर नाही. ती रक्कम विवरणपत्राच्या वेळी भरली तरी चालते.

शेतीचे कोणते, बिनशेतीचे कोणते?

अंदाज करायचा तर आधी घरातल्या पैशाचे दोन ढीग करावे लागतात.

पहिला ढीग शेतीचा. जमीन कसून काढलेले पीक, बटाईने वा खंडाने दिलेल्या जमिनीचे उत्पन्न, आणि माल बाजारात नेण्याजोगा व्हावा म्हणून शेतकरी नेहमी करतो ती मळणी, वाळवण, साफसफाई, हे सारे शेतीत धरले जाते. रोपवाटिकेतल्या रोपांचे उत्पन्नही २००८ च्या वित्त कायद्याने शेतीचे ठरवले आहे.

दुसरा ढीग बिनशेतीचा. दूध, कोंबड्या, मासे, मधमाश्या यांचे उत्पन्न आपल्याला शेतीचेच वाटते. कायद्याला ते धंद्याचे वाटते. गाईला चारा आपल्याच रानातला घातला तरी दुधाचा नफा शेतीचा होत नाही. ट्रॅक्टरचे भाडे, शेतातल्या मोबाईल मनोऱ्याचे भाडे, रानात उभारलेल्या मंगल कार्यालयाचे उत्पन्न आणि बँकेचे व्याज ही सगळी याच ढिगात जातात.

एक ध्यानात ठेवावे, की बिनशेतीच्या धंद्यात विक्रीच्या रकमेवर कर नसतो, नफ्यावर असतो. पेंड, औषध, मजुरी, डिझेल वजा जाता काय उरले ते पाहायचे. हिशेब ठेवणे जमत नसेल तर लहान धंद्याला अंदाजी नफ्याची सवलत आहे. वर्षाची उलाढाल २ कोटी रुपयांच्या आत असेल, तर रोखीच्या जमेवर ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या जमेवर ६ टक्के नफा धरून चालते. वर्षाला २० लाखांचे दूध बँकेमार्फत घालणाऱ्याचा नफा या हिशेबाने १,२०,००० रुपये होतो. तेवढ्यावर कर लागत नाही. म्हणून दूध घालणाऱ्या बहुतेक घरांनी या लेखाने घाबरून जाऊ नये.

शेतीचा पैसा मागच्या दाराने येतो

आता मुख्य गोष्ट. शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकार कर घेत नाही, कारण राज्यघटनेने तो विषय राज्यांकडे दिला आहे. पण १९७२ साली डॉ. के. एन. राज यांच्या समितीने एक वाट सुचवली आणि १९७३ च्या वित्त कायद्याने ती आणली. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही. मात्र बिनशेतीच्या उत्पन्नाला कोणता दर लावायचा हे ठरवताना शेतीचे उत्पन्न मोजायचे. तळाशी शेतीचे उत्पन्न रचून त्याच्यावर बिनशेतीचे ठेवले, की ते वरच्या, महाग पायरीवर चढते.

हे केव्हा लागू होते? दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असावे, आणि बिनशेतीचे उत्पन्न करमाफीच्या मर्यादेच्या वर असावे. २०२५-२६ या वर्षी नव्या करपद्धतीत ही मर्यादा ४ लाख रुपये आहे. द्राक्षाचे १० लाख झाले आणि दुधाचा नफा ३ लाख झाला, तर कर काहीच नाही, कारण दुधाचा नफा ४ लाखांच्या आत आहे.

एक हिशेब करून पाहू

समजा, एका गावात एक पन्नाशीचे शेतकरी आहेत. त्यांना आपण आप्पा म्हणू. उसाचे आणि हळदीचे खर्च वजा जाता ६ लाख रुपये उरतील असा त्यांचा अंदाज आहे. कृषी सेवा केंद्राचा नफा ९ लाख, बँकेतल्या ठेवीचे व्याज १ लाख. म्हणजे बिनशेतीचे १० लाख. व्याजावर बँकेने १० टक्के, म्हणजे १०,००० रुपये कापले आहेत.

आप्पांनी ऐकलेले असते, की १२ लाखांपर्यंत कर नाही. म्हणून ते निश्चिंत असतात. आता कागदावर काय होते ते बघा. २०२५-२६ चे नव्या पद्धतीचे दर असे आहेत: पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, पुढे ते वाढत जातात.

पहिली पायरी: शेती आणि बिनशेती मिळून १६ लाख. त्यावरचा कर १,२०,००० रुपये.

दुसरी पायरी: शेतीचे ६ लाख आणि करमाफीचे ४ लाख मिळून १० लाख. त्यावरचा कर ४०,००० रुपये.

तिसरी पायरी: पहिल्यातून दुसरा वजा केला, की उरतात ८०,००० रुपये.

चौथी पायरी: करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने करसूट मिळते, पण ती जास्तीत जास्त ६०,००० रुपयांची. म्हणजे २०,००० उरले. त्यावर ४ टक्के उपकर ८०० रुपये. एकूण २०,८००.

पाचवी पायरी: बँकेने कापलेले १०,००० वजा. उरले १०,८०० रुपये. दहा हजारांची रेघ ओलांडली. आप्पांना आगाऊ कर लागू झाला.

"१२ लाखांपर्यंत कर नाही" हे वाक्य शहरातल्या नोकरदाराला जसे लागू पडते तसे आप्पांना पडत नाही. शेती नसती तर याच १० लाखांवर त्यांना एक रुपयाही कर पडला नसता.

आता दुसरी बाजू. ऑक्टोबरात अतिवृष्टी झाली, हळद कुजली आणि शेतीचे ६ लाखांचे ४ लाखच झाले असे धरा. १४ लाखांवरचा कर ९०,०००, ८ लाखांवरचा २०,०००, फरक ७०,०००. करसूट ६०,००० गेली, १०,००० राहिले, उपकरासह १०,४००. बँकेने कापलेले १०,००० वजा जाता उरले ४०० रुपये. आगाऊ कराची गरजच राहिली नाही. शेतीचे २ लाखच झाले तर कर शून्य होतो आणि कापलेले १०,००० विवरणपत्र भरून परत मागता येतात.

म्हणून हा अंदाज जूनमध्ये एकदा करून वही मिटायची नसते. पाऊस बदलतो, भाव बदलतो, तसा अंदाजही दर हप्त्याला बदलायचा. कायद्याने त्याला आडकाठी नाही. कार्यालयात जाऊन परवानगी काढावी लागत नाही. पुढचा हप्ता कमी-जास्त भरला की झाले.

चार तारखा

१५ जूनपर्यंत वर्षाच्या अंदाजी कराचे १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत पुरे १०० टक्के. आप्पांच्या १०,८०० रुपयांचे हप्ते पहिल्या तारखेला १,६२० रुपये आणि पुढच्या तीन तारखांना एकूण ४,८६०, ८,१०० व १०,८०० असे होतात.

धंद्याचा नफा वर सांगितलेल्या ६ किंवा ८ टक्क्यांच्या अंदाजी पद्धतीने दाखवणाऱ्याला चार हप्ते नाहीत. त्याने सगळी रक्कम १५ मार्चपर्यंत एकदम भरायची. तोवर तूर-कापूस विकलेला असतो, उसाचा बराच पैसा आलेला असतो. शेतकऱ्याच्या घराला ही पद्धत सोयीची पडते.

न भरल्यास काय होते?

यात फौजदारी नाही, जप्ती नाही. व्याज आहे. हप्ता चुकला तर तुटीवर महिना १ टक्का; पहिल्या तीन हप्त्यांना तीन-तीन महिन्यांचे आणि शेवटच्याला एका महिन्याचे. शिवाय ३१ मार्चपर्यंत देय कराच्या ९० टक्के रक्कम जमा झाली नसेल, तर १ एप्रिलपासून कर भरेपर्यंत महिना १ टक्का वेगळे. महिन्याचा एक दिवस लागला तरी पुरा महिना धरतात.

आप्पांनी वर्षभर काहीच भरले नाही आणि सगळी रक्कम जुलैत भरली, तर हप्ते चुकल्याचे ५४३ रुपये आणि एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचे ४३२ रुपये, मिळून ९७५ रुपये व्याज पडेल. म्हणजे शेकडा ९ रुपये. कर १ लाखाचा असता तर हाच फटका ९,००० रुपयांच्या घरात गेला असता.

आता खरा प्रश्न येतो. हातात पैसा एकच आणि वाटा चार. बेण्याला द्यायचा, सोसायटीला द्यायचा, पोराच्या फीला द्यायचा की सरकारला?

पैसा बचत खात्यात नुसता पडून असेल तर विचार करू नये, कर भरून टाकावा. बचत खाते एवढे व्याज देत नाही. पण कर भरण्यासाठी कोणाकडून महिना शेकडा २ किंवा ३ रुपयांनी पैसे उचलावे लागत असतील, तर उचलू नयेत. सरकारचे व्याज महिना १ रुपया आणि तेही सरळव्याज आहे. सोसायटीच्या पीककर्जाचेही तसेच. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्र सरकारची ३ टक्के व्याजसवलत २०२५-२६ सालीही आहे. ३ लाखांवर वर्षाला ती ९,००० रुपये होते. मार्चमध्ये पैसा एकाच कामापुरता असेल, तर आप्पांनी आधी सोसायटीचा भरणा करावा आणि ९७५ रुपयांचे व्याज सोसावे. दोन्ही जमत असेल तर दोन्ही करावे. मात्र विवरणपत्राच्या तारखेपलीकडे कर थकवू नये. तिथून पुढे व्याजाबरोबर दंडाची आणि नोटिशीची गोष्ट सुरू होते.

भीतीपोटी जादा कर भरण्यातही शहाणपण नाही. जादा भरलेला पैसा परत मिळतो, पण सरकार त्यावर महिना अर्धा टक्काच व्याज देते; आणि परत येणारी रक्कम एकूण कराच्या दहाव्या हिश्शाहून कमी असेल तर तेही देत नाही.

यांनी काळजी करू नये

घरातल्या ज्या वडीलधाऱ्यांचे वय ६० किंवा जास्त आहे आणि ज्यांच्या नावावर कोणताही धंदा नाही, त्यांना आगाऊ कर नाही. पेन्शन, ठेवीचे व्याज, घरभाडे कितीही असो. त्यांनी विवरणपत्राच्या वेळी कर भरला तरी व्याज पडत नाही. पण दुकान किंवा गोठा मुलगा चालवतो आणि कागदोपत्री ते वडिलांच्या नावावर आहे, अशी पुष्कळ घरे असतात. तिथे ही सवलत जाते. धंदा कोणाच्या नावावर ठेवायचा हे ठरवताना एवढे लक्षात असावे.

नोकरी करणाऱ्या सुनेला किंवा लेकीला आणखी एक वाट आहे. तिने आपल्या ठेवीचे व्याज शाळेला किंवा कचेरीला लिहून कळवले, तर तिथेच पगारातून जादा कर कापून घेता येतो. मग तिला हप्त्यांच्या तारखा पाळाव्या लागत नाहीत. घर एक असले तरी कर माणसागणिक असतो. नवरा-बायकोचे पगार आणि नफे एकत्र मिळवू नयेत.

जमिनीचा पैसा

गावाकडची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर नाही. पण ती शहराजवळ असेल तर आहे. लोकवस्ती १० हजारांहून अधिक ते १ लाखापर्यंत असलेल्या नगरपालिकेच्या हद्दीपासून २ किलोमीटर, १ लाख ते १० लाख वस्तीच्या शहरापासून ६ किलोमीटर आणि त्याहून मोठ्या शहरापासून ८ किलोमीटर, सरळ रेषेत मोजून, एवढ्या पट्ट्यातली जमीन कराच्या कक्षेत येते. स्वतः किंवा आई-वडिलांनी आधीची दोन वर्षे कसलेली जमीन विकून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर नव्या जमिनीत गुंतवलेल्या रकमेपुरती सूट मिळते.

असा व्यवहार डिसेंबरात अचानक झाला, तर जूनमध्ये त्याचा अंदाज कोणी करणार? कायदाही तेवढा समजूतदार आहे. नफा झाल्यानंतरच्या हप्त्यांत त्याचा कर भरला, आणि हप्ता उरलाच नसेल तर ३१ मार्चपर्यंत भरला, की मागच्या हप्त्यांचे व्याज लागत नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली मिळालेल्या मोबदल्याला त्याच कायद्याने प्राप्तिकराची सूट आहे. पण तो मोबदला बँकेत ठेवल्यावर दर वर्षी मिळणाऱ्या ठेवीच्या व्याजाला सूट नाही. ६० लाखांची ठेव ७ टक्क्यांनी ठेवली तर वर्षाचे व्याज ४,२०,००० होते. म्हणजे एवढ्या एका गोष्टीने ४ लाखांची रेघ ओलांडली आणि शेतीचे उत्पन्न हिशेबात आले.

भरायचा कसा?

पॅन क्रमांक घेऊन प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरून चलन काढावे. पैसे तिथूनच भरता येतात, किंवा चलन घेऊन अधिकृत बँकेतही भरता येतात. चलनावर "आगाऊ कर" हाच प्रकार निवडावा आणि वर्ष दोनदा पाहावे. जुन्या कायद्यात २०२५-२६ च्या उत्पन्नाचे "आकारणी वर्ष" २०२६-२७ असते, आणि नव्या कायद्यात २०२६-२७ च्या उत्पन्नाचे "कर वर्ष"ही २०२६-२७ च असते. आकडे सारखे, अर्थ वेगळे. इथे गल्लत झाली की भरलेला कर दुसऱ्याच वर्षाच्या खात्यावर जाऊन बसतो. पावती सातबाऱ्याच्या फायलीत जपून ठेवावी.

आडतीच्या पट्ट्या, कारखान्याची ऊसबिले, खताच्या पावत्या यांचीही एक पिशवी करावी. शेतीचे म्हणून दाखवलेले उत्पन्न खरोखर शेतीचे आहे, हे सांगायला उद्या तोच आधार असतो.

वही घेऊन बसा

वर्षातून चार संध्याकाळी, जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात, घरातल्या कर्त्या बाई-माणसांनी वही घेऊन बसावे. चार प्रश्न विचारावेत. प्रत्येकाच्या नावावर बिनशेतीचा नफा आणि व्याज वर्षअखेर किती होईल? तो करमाफीच्या मर्यादेपलीकडे जातो का? जात असेल तर शेतीचे निव्वळ उत्पन्न किती धरायचे? आणि कापलेला कर वजा जाता १०,००० उरतात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" आले तर वही मिटून खुशाल झोपावे. "होय" आले तर रक्कम लिहावी, तारीख लिहावी आणि दुधाच्या बिलातून तेवढे बाजूला काढायला लागावे. दर आणि मर्यादा अर्थसंकल्पात बदलत असतात, म्हणून फेब्रुवारीनंतर त्या वर्षाचे आकडे कर सल्लागाराकडून एकदा ताडून घ्यावेत.

पेरणीआधी आपण बियाणे, खत, मजुरी यांचा अंदाज करतोच. त्यातही पाऊस धरून चालावे लागते. कराचा अंदाज त्याहून सोपा आहे. त्यातले बहुतेक आकडे आपल्याच पासबुकात लिहिलेले असतात.